गळाची गांठ

गांठ हा शब्द आपल्या भाषेंत किती ठिकाणीं येतो, पाहा. दोघांची भेट झाली कीं गांठ पडली म्हणावयाचें. लग्नांत गांठ, जानव्यांत ब्रह्मगांठ, पदराच्या टोकाला चार पैशांची गांठ. आणि एखादी गोष्ट विसरूं नये म्हणून मनाशीं बांधावयाची ती खूणगांठ. इतका हा शब्द आपल्या घरोब्याचा. परंतु प्रत्यक्ष दोऱ्याची गांठ कशी बांधावी, हें आपल्यापैकीं बहुतेकांना कोणीं शिकविलेलें नसतें. बुटाची नाडी आणि पिशवीचें तोंड यांपलीकडे आपलें गांठींचें ज्ञान सहसा जात नाहीं.

आज ज्या गांठींविषयीं बोलावयाचें आहे, त्या मासे धरण्याच्या गळाच्या गांठी होत. त्या कशा बांधाव्या हें तर मी सांगणार आहेंच. पण त्यांच्या निमित्तानें एक विचारहि आपल्यापुढें ठेवावयाचा आहे. दोऱ्याचा पदार्थ बदलला, म्हणजे गांठ बांधणाराची जबाबदारीहि बदलते, हा तो विचार.

यासाठीं रायगड जिल्ह्याचा किनारा डोळ्यांपुढें आणूं. १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा या नांवानें ओळखला जात असे. उत्तरेस उरणजवळच्या करंजापासून दक्षिणेस बाणकोटच्या खाडीपर्यंत हा किनारा सरळ असा नाहींच; धरमतर, रेवदंडा, राजपुरी अशा खाड्यांनीं समुद्र जागोजाग जमिनींत शिरला आहे. अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्या डोंगरांतून उतरून भरती-ओहोटीच्या पाण्याला मिळतात. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या या सरमिसळींत मासा वाढतो, आणि माशाच्या आधारानें कोळ्यांची वस्ती वाढते. थळ, वरसोली, बोडणी, एकदरा, भरडखोल हीं गांवें जितकीं पाण्यावर, तितकींच दोरावर जगलेलीं आहेत.

या किनाऱ्यावरचें जुनें व मानाचें जाळें म्हणजे डोल. तोंडाशीं रुंद आणि शेपटाकडे निमुळतें होत गेलेलें हें पिशवीसारखें जाळें समुद्रांत पक्क्या आधाराला दोरांनीं जखडून ठेवतात. तें मासळीच्या मागें धांवत नाहीं. भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी त्याच्या पोटांत आणून सोडतो. प्रवाह जोरांत आहे तोंवर सारा भार गांठींवर असतो. मग जाळें काढून घ्यावयाचें झालें, म्हणजे त्याच गांठी ओल्या व गारठलेल्या बोटांनीं चटकन् सुटावयास हव्यात. आपल्या मराठींत गांठींच्या दोन जाती सांगितल्या आहेत: ओढलें असतां सुटते ती सुरगांठ, आणि सोडूं गेलें असतां अधिकच आवळते ती निरगांठ. दर्यावर काम करणाराला या दोहींचे गुण एकाच गांठींत हवे असतात. भार असेल तोंवर ती निरगांठीसारखी वागली पाहिजे, आणि भार उतरला कीं सुरगांठीसारखी.

दोर बांधण्याच्या गांठींहून जाळें विणण्याची गांठ निराळी. जाळ्याच्या एकेका डोळ्याला आस म्हणतात, आणि प्रत्येक आसाच्या कोपऱ्यांवर गांठी असतात. म्हणजे एका मोठ्या जाळ्यांत त्या किती होत असतील याचा हिशेब आपणच करावा. ही गांठ मोठी सोपी आहे. आधींच्या फेऱ्याच्या फांसांतून नवा दोरा वर काढावयाचा, फांसाच्या मागून फिरवावयाचा, आणि स्वतःच्याच पदराखालून ओढून घ्यावयाचा. पूर्वीं जाळीं कापसाच्या व तागाच्या दोऱ्याचीं असत. त्या दोऱ्याला लव असते. एक तंतु दुसऱ्याला धरून ठेवतो, आणि पाण्यानें दोरा फुगला कीं गांठ आणखीच बसते. म्हणून तेव्हां एकेरी गांठ पुरत असे.

पुढें नायलॉन आलें. अमेरिकेंत १९३५ सालीं वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत तें प्रथम तयार झालें, आणि १९३८ सालीं जगाला त्याची वार्ता कळली. आपल्या किनाऱ्यावर १९५० व १९६० च्या दशकांत तें पसरलें. नायलॉनचा धागा बळकट, हलका आणि कांचेसारखा गुळगुळीत. जुनी एकेरी गांठ त्यांत टिकेना. ती सरकूं लागली, आणि आस कोठें लहान तर कोठें मोठे होऊं लागले. तेव्हां एका वेढ्याच्या जागीं दोन वेढे घेण्याची रीत पडली, आणि कारखान्यांत उष्णता देऊन गांठी पक्क्या करूं लागले. हात तेच होते, पण धागा नवा आल्याबरोबर हातांना आपली संवय बदलावी लागली.

आतां गळाकडे वळूं. काठी, दोरी आणि गळ घेऊन करमणुकीखातर मासे धरणें हा छंद साहेबांनीं आपल्याकडे आणला, अशी समजूत आहे. हेन्री सलिव्हन टॉमस याचें हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवरील प्रसिद्ध पुस्तक १८७३ सालीं मंगळूर येथें निघालें, हें खरें. परंतु कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत 'मत्स्यविनोद' नांवाचें एक प्रकरणच आहे. त्यांत माशांच्या जाती, त्यांची आमिषें, आणि गळानें मासा धरण्याची रीत यांचें वर्णन आलें आहे. इंग्रजांचा लाडका लेखक आयझॅक वॉल्टन याचा गळावरील ग्रंथ १६५३ सालचा. म्हणजे आपला राजा त्याच्या पांचशें वर्षांहून अधिक काळ आधींचा. तेव्हां या विद्येला परकी म्हणून दूर सारण्याचें कारण नाहीं.

या विद्येची एक नाजूक शाखा म्हणजे पिसांच्या माशीनें मासा धरणें. गळावर पिसें, केंस व दोरे गुंडाळून एखादा किडा, कोळंबी किंवा लहान मासोळी यांचें सोंग तयार करतात. हें सोंग इतकें हलकें असतें, कीं तें फेंकूं म्हटलें तर फेंकतां येत नाहीं. म्हणून वजन दोरींतच ठेवलेलें असतें. काठीच्या झोंक्यानें जड दोरी हवेंत उलगडत जाते, आणि तिच्या टोकाला असलेली माशी अलगद पाण्यावर उतरते. पण जाड दोरी माशाला दिसते. यासाठीं तिच्यापुढें निमुळती होत जाणारी पारदर्शक दोरी, तिच्यापुढें अगदीं बारीक तंतु, आणि मग माशी, अशी योजना असते. चक्राकडच्या बाजूला, मासा दूर पळाला तर उपयोगी पडावी म्हणून, आणखी एक लांब दोरी जोडलेली असते. म्हणजे चक्रापासून माशीपर्यंत पांच ठिकाणीं बांधाबांध आली. या पांचांपैकीं एक जरी कच्ची असली, तरी बाकीच्या चार पक्क्या असून नसून सारख्याच.

नायलॉन येण्यापूर्वीं हा शेवटला तंतु रेशमाच्या किड्याच्या पोटांतील रेशीमग्रंथी ताणून करीत असत. तो कोरडा असतां ठिसूळ असे. पाण्यांत भिजवून मऊ केल्यावांचून त्याला गांठ मारतांच येत नसे. तंतूच इतका हट्टी, कीं बांधणाराला तो आपोआप सावकाशपणा शिकवी. नायलॉनला असा हट्ट नाहीं. तें कोरडें असतांहि वांकतें. म्हणून माणूस घाई करतो, आणि गांठ बिघडते.

गांठ बिघडते म्हणजे काय होतें? सरळ दोऱ्यावर ओढ आली, तर ती त्याच्या सबंध जाडीवर सारखी वांटली जाते. गांठींत दोरा एकदम वांकतो. वळणाच्या बाहेरची बाजू ताणली जाते, आंतली दबते, आणि सारा भार थोड्या भागावर येऊन पडतो. शिवाय एक पदर दुसऱ्यावर आडवा चढून त्याला कापूं पाहतो. यामुळें कोणतीहि गांठ दोऱ्याला कांहींसा अशक्त करतेच. नेहमींची साधी गांठ तर नायलॉनचें बळ सुमारें निम्म्यावर आणते. दोरी झोंकतांना वाऱ्यानें अशी एखादी गांठ आपोआप पडते; ती दिसतांच तेवढा तुकडा कापून टाकावा, कारण तेथें बारा पौंडांच्या तंतूचे सहाच पौंड उरलेले असतात. चांगल्या गांठीचें रहस्य एवढेंच, कीं तींत दोरा एकदम न वांकतां अनेक वेढ्यांतून हळूहळू भार सोडीत जातो.

आतां, श्रोतेहो, घरांत हातभर सुतळी आणि किल्ल्या काढून घेतलेली एक कडी असेल तर ती हातांत घ्या. कडी म्हणजे आपल्या गळाचें नेढें असें समजूं. सुतळीचें टोंक वीतभर दुमडून ती दुहेरी करा. हा दुहेरी फांस कडींतून पलीकडे काढा. आतां त्या दुहेरी सुतळीचीच, कडीच्या वरच्या बाजूला, एक साधी सैल गांठ मारा. आवळूं मात्र नका. फांसाचें टोंक कडीच्या खालीं लोंबत राहील एवढें लांब असूं द्या. आतां ती कडी संबंध त्या फांसांतून घाला, आणि फांस वर गांठीपर्यंत सरकवा. मग दोन्ही पदर एकत्र धरून सावकाश ओढा. झाली गळाची गांठ. इतकी सोपी, आणि तरी नायलॉनमध्यें टिकणारी, अशी दुसरी गांठ सांपडणें कठीण.

दुसरी गांठ दोन दोऱ्या जोडण्याची. हिला इंग्रजींत शल्यवैद्याची गांठ म्हणतात. दोन सुतळ्यांचीं टोकें वीतभर एकमेकांशेजारीं ठेवा. दोन्ही मिळून एकच दोरा आहे असें समजून तिची एक साधी गांठ घाला. परंतु आवळण्यापूर्वीं त्याच फांसांतून दोन्ही पदर पुन्हां एकदां काढा. मग चारहि पदर धरून सारखे ओढा. एक दोरी जाड व दुसरी बारीक असली, तरी ही गांठ चालते.

या दोहोंसाठीं नियम एकच. आवळण्यापूर्वीं गांठ ओली करा. पाण्यानें करा, नाहीं तर तोंडांत धरून लाळेनें करा. कोरड्या नायलॉनचे पदर एकमेकांवर घांसले म्हणजे उष्णता होते, आणि तेवढ्या उष्णतेनेंहि तंतु आंतून दुबळा होतो. गांठ बसली कीं टोंक अगदीं मुळाशीं कापूं नये. तांदळाच्या दाण्याएवढें राखावें. मग हातानें ताणून पाहावें. तुटावयाची असेल तर ती हातांत तुटूं द्या. माशाच्या तोंडांत तुटूं नये. क्लिफर्ड ॲश्ली या अमेरिकन खलाशी-लेखकाच्या १९४४ सालच्या ग्रंथांत साडेतीन हजारांहून अधिक गांठी दिल्या आहेत. त्या साऱ्या शिकण्याची आपल्याला जरुरी नाहीं. दोन-तीन गांठी, पण अंधारांत आणि ओल्या बोटांनीं चुकणार नाहींत इतक्या शिकलेल्या, पुरे आहेत.

माशाच्या तोंडांत तुटूं नये असें म्हटलें, त्याचें कारण समजावयास जिताडा पाहिला पाहिजे. पेण-अलिबागच्या खारेपाटांत घराजवळच्या तळ्यांत जिताडा पाळतात, आणि पाहुण्याच्या पानांत तो वाढणें हा मान समजतात. खाडींतला जिताडा पिसांच्या माशीवर झडप घालतो, आणि गळ लागतांच पाण्याबाहेर उसळी मारून डोकें झटकतो. त्याच्या कल्ल्यांवरील झांकणाची कड सुरीसारखी धारदार असते. बारीक तंतु तीवर घांसला कीं गेला. म्हणून माशीजवळ जाड दोरीचा एक लहान तुकडा जोडतात. या माशाची आणखी एक नवलाची गोष्ट आहे. जिताडा आयुष्याचीं पहिलीं कांहीं वर्षें नर असतो, आणि पुढें मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे जो थोरला जिताडा आपल्या दोरीला भारी पडून ती तोडून नेतो, तो बहुधा मादी असतो. आणि ती मादी एका विणींत लाखों अंडीं घालणारी असते. कच्ची गांठ बांधणारा किनाऱ्यावर उभा राहून 'मोठा मासा सुटला' म्हणून हळहळतो. त्या मादीला मात्र तोंडांत गळ आणि मागें लोंबणारी दोरी घेऊन खडकांतून व तिवरांच्या मुळ्यांतून वाट काढावी लागते.

येथें धाग्याच्या बदलाचा खरा अर्थ ध्यानांत येतो. कापसाचीं व तागाचीं जाळीं कुजत. तीं टिकावीं म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यांत पुनःपुन्हां बुडवून वाळवावीं लागत. कोळ्याला तो जाच होता, आणि तो गेला याबद्दल कोणी त्याला दोष देणार नाहीं. पण त्या कुजण्यांत एक क्षमा होती. माणसाच्या हातून सुटलेला दोर कांहीं महिन्यांत पाणी आपल्या पोटांत जिरवून टाकी. नायलॉन कुजत नाहीं. साधा पोलादी गळ खाऱ्या पाण्यांत गंजून झिजतो. पण त्याला बांधलेला दोरा वर्षानुवर्षें तसाच राहतो, पक्ष्यांच्या पायांत अडकतो, कांसवांच्या मानेभोंवतीं गुंततो. श्रीवर्धन तालुक्यांत दिवेआगर व हरिहरेश्वर येथील वाळूंत सागरी कांसवें अंडीं घालावयास येतात; त्यांच्या वाटेवर आपला एखादा वांव दोरा पडलेला नसावा, एवढी काळजी आपण घ्यावयास नको काय?

म्हणून जाणता गळकरी केवळ 'माझी गांठ तुटूं नये' असें म्हणत नाहीं. कधीं तरी आपल्याहून मोठा मासा भेटणार आणि दोरी तुटणार, हें तो जाणतो. तो आधींच ठरवून ठेवतो, कीं तुटलीच तर ती कोठें तुटावी. माशीजवळचा जाड तुकडा तो एक फुटाहून लांब ठेवीत नाहीं. त्याच्या मागचा तंतु बारा पौंडांचा, आणि त्यामागची सारी दोरी याहून पुष्कळ बळकट. जाड तुकडा व तंतु यांचा सांधा हाच सर्वांत अशक्त. ओढ हाताबाहेर गेली तर दोरी तेथें तुटते, आणि माशाबरोबर वीत-दीड वीत दोरा जातो. बाकीची सारी दोरी हातांत परत येते. याउलट चक्राजवळची गांठ कच्ची असली, तर पन्नास वार दोरी समुद्राला मिळाली. गांठ कोठें पक्की व कोठें कमी पक्की असावी, हें ठरविणें म्हणजेच आपल्या अपयशाचा भार दुसऱ्यावर किती टाकावयाचा हें ठरविणें होय. याच्या जोडीला गळाच्या टोकामागचा उलटा कांटा पकडीनें दाबून टाकला, तर सुटलेल्या माशाच्या तोंडांतून गळहि लौकर गळून पडतो.

यावर कोणी म्हणेल, 'समुद्रांत मोठमोठीं जाळीं हरवतात, शहरांचा कचरा वाहून येतो. त्यापुढें एका हौशी माणसाची वीतभर दोरी ती काय?' प्रश्न खोटा नाहीं. पण जाळें हरवलें तर कोळ्याचें भांडवलच जातें. तें तो हौसेनें हरवीत नाहीं. त्याच्यासाठीं कायदाहि आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा आहे. पावसाळ्यांत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. आसाचा आकार किती असावा यालाहि नियम आहेत. हौशी गळकऱ्याच्या गांठीला मात्र कोणताच नियम मोजीत नाहीं. ती कशी बांधली हें त्यालाच ठाऊक असतें. जो पोटासाठीं पाण्यांत उतरतो त्याची अडचण आपण समजूं शकतों. जो खेळासाठीं उतरतो त्याच्याजवळ पोटाची सबब नाहीं. म्हणूनच त्याची गांठ अधिक चोख असली पाहिजे.

सुटींत आपण मुलाबाळांना घेऊन अलिबाग-मुरूडकडे जाल. धक्क्यावर मुलें गळ टाकून बसलेलीं दिसतील, आणि आपल्या मुलांनाहि तसें करावेंसें वाटेल. त्यांना जरूर करूं द्यावें. त्यानें चिकाटी अंगीं येते आणि भरती-ओहोटी ओळखतां येते. परंतु गळ हातांत देण्यापूर्वीं घरींच सुतळी आणि कडी घेऊन या दोन गांठी त्यांच्याकडून पन्नास वेळां बांधून घ्या. कापलेलें प्रत्येक टोंक खिशांत टाकण्याची संवय लावा, आणि तें घरीं आणून केराच्या डब्यांत टाकावयास सांगा. दुसऱ्या कोणाची गुंतलेली दोरी खडकांत सांपडली, तर तीहि गोळा करावयास सांगा. मुलाला त्या दिवशीं एकहि मासा मिळाला नाहीं, तरी पाण्यांत आपलें कांहीं मागें राहिलें नाहीं एवढें त्यानें सांगितलें, म्हणजे त्याला ही विद्या येऊं लागली असें खुशाल समजावें.